शटरबाहेरचा अर्धा तास

चाचा शटर उघडायचे आणि आत जायचे नाहीत.

मूर्तिजापूरच्या बाजारओळीत त्यांचं कीटकनाशकांचं दुकान होतं. पाटीवर कृषी केंद्र लिहिलेलं होतं. आतल्या मालाला गिऱ्हाईक औषध म्हणत. मी दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो आणि अमरावतीहून निघणाऱ्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. माझी खिडकी बरोबर शटरच्या वर होती. त्यामुळे सकाळी साडेसातला खाली काय घडतं, ते मी जवळजवळ तीन वर्षं रोज पाहिलं.

चाचा कुलूप काढत, शटर गुडघ्याइतकं वर करत आणि उकिडवे बसत. मग लोखंडी आकडीने आतून एक पाट बाहेर ओढत. पाटावर काचेच्या दोन बरण्या, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलेलं. प्रत्येक बरणीत पाण्याच्या बाटलीत खोचलेली वेल, वेलीवर पाच-सहा अळ्या, तळाला आमच्याच पेपरचा कापलेला तुकडा. तो तुकडा काढून ते भिंगाखाली धरत. अळीची विष्ठा म्हणजे खसखशीहून थोडे मोठे, काळपट दाणे. ताजे दाणे ओलसर असतात, बोटाने दाबले तर पसरतात. तसे दिसले की चाचा शटर पूर्ण वर ढकलून आत जात. न दिसले तर मागच्या बोळातून जाऊन मागचं दार उघडत आणि समोरच्या सायकलवाल्याच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहत. गिऱ्हाईक आलेलं असलं तर त्यालाही बसावं लागे. कोणी कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं.

"अळीनं खाल्लं नाई."

बंद दुकानात एखाद्या डब्याचं झाकण सैल राहिलं तर रात्रभर वाफ कोंडते. ती माणसाला कळण्याआधी अळीला कळते, आणि अळी मरण्याआधी खाणं सोडते. चाचांचं शास्त्र एवढंच होतं. मी एकदा म्हटलं, वास येतोच की. ते म्हणाले, "नाकावर भरवसा नाई, भाऊ. नाक दोन दिवसांत सवय करून घेते."

हे दुकान त्यांनी मागून घेतलेलं नव्हतं. त्यांची नोकरी अमरावतीच्या एका महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून झाली. टाचणीला लावलेल्या फुलपाखरांच्या पेट्या पुसणं, त्यांत डांबराच्या गोळ्या टाकणं, परीक्षेच्या दिवशी त्या टेबलावर मांडणं हे त्यांचं काम. विद्यार्थी दोन नावांत अडकत तेव्हा चाचा मागून जाताना खोकत. एक खोकला म्हणजे पहिलं नाव, दोन म्हणजे दुसरं. हे त्यांनी स्वतः सांगितलं, न हसता. ते निवृत्त झाले त्याच वर्षी मूर्तिजापूरचे थोरले भाऊ वारले आणि दुकान अंगावर आलं. भाऊ वीस वर्षं त्या गल्ल्यावर बसले होते. शेवटी त्यांना चहाचा कप धरता येत नव्हता. डॉक्टरांनी हाताच्या थरथरीचं कारण कागदावर लिहिलं नाही. चाचांनी ते मनात लिहून घेतलं.

तेव्हापासून ते भीत. ती भीती सैरभैर नव्हती, शिस्तीची होती. दुकानाच्या चपला वेगळ्या, घरच्या वेगळ्या, आणि दोन्हींच्या मधल्या चार पावलांसाठी तिसरा जोड. दुकानातला सदरा दाराबाहेरच्या खुंटीवर राही. तो अंगावर असताना ते पाणी पीत नसत, पान खात नसत, डोळ्याला हात लावत नसत. नमाजाआधी नुसत्या वजूवर, म्हणजे हातपाय-तोंड धुण्यावर, त्यांचं समाधान होत नसे. पूर्ण अंघोळ करत. मी मागच्या बाजूला कपडे वाळत घातले की ते जिन्यातून हाक मारून काढायला लावत. वारा तिकडून येतो, म्हणत.

गिऱ्हाइकाशी वागण्याचीही पद्धत होती. एकटा माणूस औषध मागायला आला की चाचा आधी त्याच्या तोंडाकडे बघत. मग विचारत, पंप कोणाचा, फवारायला कोण, कोणत्या वावरात. उत्तर पटापट आलं तर माल मिळे. उत्तर अडलं तर मिळत नसे.

"जोडीदाराले घेऊन येजो. मग देतो."

"काहून? मी काय लहान आहो?"

"लहान नाई. एकला आहे."

लोक चिडत. काही जण समोरच्याच ओळीतल्या दुसऱ्या दुकानात जात. काही दुपारी खरंच भावाला किंवा बायकोला घेऊन परत येत आणि चाचा निमूटपणे डबा काढून देत. कापसाची ती वाईट वर्षं होती. मी रोज पाठवत असलेल्या बातम्यांतली एक तरी त्याच नमुन्याची असे: गाव, वय, औषध. अमरावतीच्या डेस्कने त्यासाठी पान तीनवर एक कायमची चौकट केली होती. चाचा पेपर उघडत तो तिथेच. गावाचं नाव बोटाने झाकून आधी वय वाचत, मग बोट हळूहळू सरकवत. गाव आपल्या गिऱ्हाइकीतलं नसलं की पेपर घडी करून ठेवत. असलं की त्या दिवशी शटर लवकर खाली येई.

बरण्या दोन का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मला वर्गात बसवल्यासारखं समोर बसवलं.

दोन्ही बरण्यांतली वेल एकच होती. तिला आमच्याकडे किडामार म्हणतात. कपाशीच्या काळ्या जमिनीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आपोआप पसरते. पानं बदामाच्या आकाराची, वास उग्र, चव कडू. गुरं तोंड लावत नाहीत. ही वेल खाऊन दोन जातींची फुलपाखरं वाढतात आणि तिच्यातलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांना खात नाहीत. दोन्ही काळी, दोन्हींचं पोट लाल, दोन्ही सावकाश उडणारी. डावीकडच्या बरणीतलं कॉमन रोज. त्याच्या मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग असतो. उजवीकडचं क्रिमझन रोज. त्याच्या पुढच्या पंखावर दोन पांढरे पट्टे, आणि मागच्या पंखावर पांढरं काहीच नाही, फक्त लाल ठिपके. अळीपणी ओळखायची खूण आणखी सोपी. डावीकडच्या अळीच्या कमरेला पांढरा पट्टा, जणू कोणी दोरा बांधला आहे. उजवीकडची नुसती काळपट, अंगावर नारिंगी-लाल गाठी.

"हे पट्टेवालं कोनीबी पाळावं," चाचा म्हणाले. "हे दुसरं कायद्यातलं आहे. पहिल्या यादीतलं. वाघाच्या संगतीनं."

त्या वेळच्या वन्यजीव कायद्यात ते खरं होतं. क्रिमझन रोज पहिल्या अनुसूचीत होतं. कॉमन रोज कोणत्याच अनुसूचीत नव्हतं. मी विचारलं, म्हणजे ते जास्त दुर्मिळ आहे? चाचांनी नकारार्थी मान हलवली. दुर्मिळ असणं आणि कायद्यात असणं या दोन गोष्टी वेगळ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. धुऱ्यांवर त्यांना दोन्ही सारखीच दिसत, आणि अलीकडे दोन्ही सारखीच कमी दिसत. कमी झालंच असेल तर पांढऱ्या डागाचं. हे एका माणसाच्या डोळ्यांनी केलेलं निरीक्षण होतं. मी ते कुठे तपासलं नाही.

"एकाले कायदा आहे, एकाले नाई," ते म्हणाले. "जेवाले मात्र दोघंबी एकाच झाडावर. त्या झाडाले कोनताच कायदा नाई."

मग दुसरी बरणी ठेवायचीच कशाला? कॉमन रोजवर काम भागलं असतं. पण एकाच जातीची अळी आजाराने खाणं सोडू शकते, दोन्ही एकदम सोडणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. धोका मान्य करूनच त्यांनी ती ठेवली होती. सकाळची तपासणी झाली की उजवी बरणी दुकानात मागच्या बाजूला, एका रिकाम्या खोक्याआड जाई. शिवाय त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. अळी खाणं तीन वेळा सोडते: कात टाकताना, कोष करण्याआधी आणि मरण्याआधी.

"मले तिन्ही सारखंच दिसते. म्हनून मी तिन्ही वेळा बाहेर थांबतो."

बहुतेक वेळा तो अर्धा तास फुकटच जाई. फुकट न गेलेली एक सकाळ माझ्यासमोरची आहे. ऑगस्ट संपत आला होता, फवारणी जोरात होती. दोन्ही कागद कोरडे निघाले. चाचा बरण्या उचलून मागे सरकले. डावीकडच्या दोन अळ्या वेलीवरून खाली पडलेल्या होत्या. त्यांनी सायकलवाल्याला बाजूला केलं, मला खिडकी लावून खाली यायला सांगितलं आणि मागचं दार उघडायला स्वतः गेले, तोंडाला ओलं फडकं बांधून. तासाभराने आत गेलो तेव्हा नव्या मालातल्या एका खोक्याचा तळ भिजलेला होता. फरशीवर तळहाताएवढा डाग. चाचांनी त्यावर माती टाकली आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले. त्यांचे हात थरथरत होते. ते हात पुढे धरून बराच वेळ बघत राहिले. भीतीची थरथर आहे की दुसरी, हे ते तपासत होते. थांबल्यावर म्हणाले, "भेवच होतं."

त्या सकाळनंतर मी बातमी करायचं ठरवलं. रविवारच्या पुरवणीसाठी, चारशे शब्द. चाचा नको म्हणाले नाहीत. फक्त उजव्या बरणीचं नाव लिहू नका, म्हणाले. मी मजकुरात ते लिहिलं नाही. छायाचित्रं मात्र दोन्ही बरण्यांची काढली, आणि त्याच आठवड्यात कोषातून निघालेल्या क्रिमझन रोजचंही. शनिवारी अमरावतीहून फोन आला. पुरवणीत जागा कमी होती. उपसंपादकाने विचारलं, हे फुलपाखरू दुर्मिळ वगैरे आहे का? नसेल तर पुढच्या रविवारी बघू.

मी म्हणालो, एक आहे.

छायाचित्राखालची ओळ मी फोनवर सांगितली: दुर्मिळ आणि संरक्षित क्रिमझन रोज, मूर्तिजापूरच्या दुकानात. दोन विशेषणांपैकी पहिलं चुकीचं होतं. घात केला तो बरोबर असलेल्या विशेषणाने.

रविवारी सकाळी मी खाली उतरलो तेव्हा चाचा ओट्यावर पेपर घेऊन बसलेले होते. शटर बंद होतं. मी डेस्कचं कारण सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"तुमी खोटं नाई लिवलं, भाऊ. खरं लिवलं. म्हनून तर भेव आहे."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, तुमची गाडी रिकामी आहे का? मला वाटलं, फक्त उजवी बरणी हलवायची आहे. त्यांनी दोन्ही उचलल्या. जंगलखात्याचा माणूस आला तर अळीच्या कमरेचा पट्टा बघत बसणार नाही, पेपरातला फोटो बघेल, म्हणाले. दोन्ही बरण्या मांडीवर धरून, वर रुमाल टाकून ते माझ्या मोपेडवर मागे बसले.

अळ्या सोडायच्या होत्या, फेकायच्या नव्हत्या. किडामार असलेला धुरा हवा होता. असे धुरे तालुकाभर होते. पहिल्या वावराशी मी गाडी थांबवली. चाचा उतरले, वेल पाहिली आणि परत बसले.

"इथी परवा गेलं."

म्हणजे औषध. पुढच्या वावरात सोमवारी गेलं होतं. त्याच्या पलीकडचा काल घेऊन गेला होता, आज-उद्या मारेल. त्यांना प्रत्येक धुरा पाठ होता, कारण तिथलं औषध त्यांनीच दिलं होतं. शेतमालकाचं नाव ते सांगत नसत, औषधाचं सांगत. दीड-दोन तास आम्ही गाडीरस्त्यांनी फिरलो. दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी झाली होती, पानं चकचकीत होती. मी वार्ताहर म्हणून त्या रस्त्यांवरून शेकडो वेळा गेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला हिरव्या रंगाची भीती वाटली. चाचा मागून गाडीच्या आवाजात एकेक वावर मोजत होते: इथी गेलं, इथी गेलं, इथी दोनदा गेलं.

शेवटी आम्ही शकुंतला रेल्वेच्या रुळांशी आलो. छोट्या गाडीच्या त्या लाइनचा भराव कोणाच्याच वावरात येत नव्हता, त्यामुळे त्यावर कोणी फवारत नव्हतं. खडीतून किडामार वर आली होती. चाचांनी एकेक अळी पानासकट उचलून वेलीवर ठेवली. पट्टेवाल्या एका बाजूला, बिनपट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला. शेजारच्या वावरापासून किती अंतर पडतं, ते पावलांनी मोजलं. वीस पावलं.

जंगलखात्याचा माणूस आला नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. बातमी कोणी वाचली असेल तर विसरलाही असेल. चाचा मात्र रोज वाट पाहत राहिले, आणि बरण्या परत आल्या नाहीत. आता सकाळी ते शटर उघडत आणि कागद नसल्यामुळे रोजच ओट्यावर बसत. अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन. गिऱ्हाईक हसून दुसरीकडे जाई. सायकलवाला म्हणे, चाचा, मलाच भाडं देत जा बसायचं. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी शटर उघडलंच नाही. मुलगी अमरावतीला होती. तिच्याकडे निघताना त्यांनी मला तीन गोष्टी दिल्या: खोलीची वाढीव मुदत, भिंग आणि कपडे मागे वाळत न घालण्याची सूचना.

दुकान अकोल्याहून आलेल्या माझ्याच वयाच्या माणसाने चालवायला घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याने माल दुप्पट केला, खोकी जिन्याखालपर्यंत लावली, आणि मागेल त्याला मागेल ते दिलं. मला खोलीत पहिल्यांदाच वास यायला लागला. दोन दिवसांनी तो येईनासा झाला. खोकी होती तिथेच होती. त्या सकाळी मी बराच वेळ खाटेवर बसून श्वास घेत राहिलो, आणि मला कसलाच वास येत नव्हता.

पुढच्या पावसात मी शकुंतलेच्या भरावावर गेलो. वेल होती. पाऊण तास शोधल्यावर तीन अळ्या सापडल्या, तिन्ही लहान. भिंगातून कमरेशी पाहिलं. पट्टा नव्हता. पट्टेवाल्या सापडल्या नाहीत. ‘संरक्षित’ या ज्या शब्दाने मी एका माणसाचं दुकान बंद पाडलं होतं, तोच शब्द आता माझ्या डब्यात होता. अळ्या एका बरणीत घालून ती मी जिन्याच्या तळाशी, दुकानाच्या झरोक्याखाली ठेवली. तळाला पेपर घातला, पान तीन.

दोन आठवडे दाणे ताजे होते. मग एका सकाळी कागद कोरडा निघाला. मी तो बोटाने दाबून पाहिला, दुसऱ्यांदा भिंग लावलं. बाहेर कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी जिन्यातून अनवाणी धावत गेलो आणि नव्या दुकानदाराचा हात धरला.

"आत नका जाऊ."

"काहून?"

तोंडाशी आलेलं उत्तर माझं नव्हतं. "अळीनं खाल्लं नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं ते सगळं गाव चाचांकडे बघायचं तसं. पण हात सोडवून घेतला नाही. आम्ही शटर वर केलं, मागचं दार उघडलं आणि ओट्यावर तासभर बसलो. सायकलवाल्याने चहा सांगितला. मग आत जाऊन खोकं न् खोकं पाहिलं. काहीही सांडलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाजारओळीत ही गोष्ट झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी बरणीत, काडीला दोरा बांधून, एक अळी कोष करायला बसली होती; उरलेल्या दोघींनी कात टाकली होती.

पंधरा दिवसांनी त्यातून निघालेल्या फुलपाखराच्या पुढच्या पंखावर दोन पांढरे पट्टे होते. मी त्याचं छायाचित्र काढलं नाही. ते भरावावर सोडलं आणि नव्या अळ्या आणल्या.

अमरावतीला गेलो तेव्हा चाचांना हे सांगितलं. मुलीच्या घरी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते, हात मांडीवर उलटे ठेवून. बरणीत कोणती जात आहे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, किती वेळ थांबले? मी एक तास म्हणालो.

"अर्धा पुरते," ते म्हणाले.

त्या खोलीत मी आणखी वर्षभर राहिलो. नव्या दुकानदाराशी या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. एक मात्र झालं. सकाळी कुलूप काढल्यावर, शटरला हात घालण्याआधी, तो मान वर करून माझ्या खिडकीकडे बघायचा. मी मान डोलावली की शटर उचलायचा. नाही डोलावली की समोरच्या ओट्यावर जाऊन बसायचा.